सर्कशीच्या तंबूची खूण

गुणाजीला काहीही विचारा, तो आधी मान खाजवायचा, मग खिडकीबाहेर बघायचा आणि मग भलतंच काहीतरी सांगून चालू पडायचा. "गुणाजी, मशीन सुरू झालं का रे?" असं साहेबांनी विचारावं, तर हा म्हणणार, "आज वारा खाडीकडनं हाय." साहेबांचं डोकं फिरायचं. जाऊन बघावं तर मशीन सुरू झालेलं असायचं, आणि वाराही खरंच खाडीकडून असायचा.

मी त्याच कारखान्यात, ठाण्याजवळ कोलशेतला, टायपिस्ट होते. आमच्या कारखान्याला भोंग्याची गरज नाही, कलावती आहे, असं माझा नवरा श्रीपाद म्हणायचा. त्यामुळे न बोलणाऱ्या माणसांचा मला मनस्वी संताप. बोलायला काय सरकार कर लावतं? पण गुणाजीवर संतापणं अवघड होतं. बाळकुमचा कोळी, पस्तिशीचा, अंगानं आडवा, मिशा भरघोस, आणि हसला की डोळे गच्च मिटून घ्यायचा. आईवडील गेलेले, घरात एकटा. कारखान्यात फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे चुलत्याच्या होडीवर जाळं ओढायला जायचा.

जाळं ओढून झालं की तो आमच्यात यायचा. रविवारी आमचा कारखान्यातला घोळका येऊरच्या डोंगरावर जायचा. त्या काळी येऊरला आजच्यासारखी हॉटेलं नव्हती. साग, ऐन, कारवीचं रान, आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वर जाणारी दगडधोंड्यांची वाट. आम्ही धापा टाकत, गप्पा मारत चढायचो. गुणाजी सगळ्यांच्या पुढे, आणि गप्प.

एका रविवारी त्यानं माझा शंकरपाळ्यांचा डबा लपवला. मी सगळ्यांवर आग पाखडली. शेवटी गुणाजी मान खाजवत म्हणाला, "त्या वडाचा शेंडा समोरच्या सुळक्यावर बसव. मग मागं वळ आणि देवळाचा झेंडा विजेच्या खांबाला चिकटव. दोन्ही एकदम जमलं की पायाखाली बघ."

मला वाटलं, आज उन्हानं याचं डोकं पुरतं कामातून गेलं. पण आम्ही तसं करून बघितलं. वडाचा शेंडा सुळक्यावर बसतो अशी एक रेघ, झेंडा खांबाला चिकटतो अशी दुसरी, आणि जिथं रेघा एकमेकींना कापत होत्या तिथं, दगडाच्या कपारीत, माझा डबा. अर्धा रिकामा.

ही कोळ्यांची रीत. पाण्यावर पाट्या लावता येत नाहीत. खडक पाण्याखाली कुठं आहे, आपल्या जाळ्याचे खुंट कुठं आहेत, हे किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकमेकींवर बसवून लक्षात ठेवायचं. बाप लेकाला अशा खुणा देतो आणि त्यांबरोबर एक ताकीद देतो: खूण हलणारी नको. नांगरलेली होडी नको, बांधलेली म्हैस नको. ही ताकीद गुणाजीनं आम्हालाही इतक्या वेळा दिली होती की ती आम्हाला पाठ झाली होती.

त्या दिवसापासून आम्हाला डब्याचं वेड लागलं. गुणाजी पत्र्याचा डबा कुठंतरी लपवायचा, दोन खुणा सांगायचा, आणि पस्तीस-चाळिशीची घोडी आम्ही कारवीत आरडाओरडा करत धावायचो. डब्यात कधी शिट्टी, कधी चिंचा, कधी आरसा. नियम एकच, एक वस्तू घ्यायची तर आपली एक ठेवायची. आमचा हेडक्लार्क एकदा भोवरा सापडला म्हणून तिथंच खडकावर फिरवत बसला आणि घरी जायलाच तयार होईना.

आता मंजुळा.

मंजुळा कोलशेतची. संध्याकाळी पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकाबाहेर मासळीची पाटी घेऊन बसायची. वय तिशीला टेकलेलं. वडील अंथरुणाला खिळले होते, ते गेले त्यात हिचं लग्न लांबलं. आवाज माझ्यापेक्षा वरचा, म्हणून मला ती फार आवडायची. डोक्यात कायम फुलांची वेणी, आणि भाव केला की असं बोलायची की गिऱ्हाईक दुप्पट मासळी घेऊन माफी मागून जायचं.

गुणाजी तिच्याकडून रोज मासळी घ्यायचा. बोटानं दाखवायचा, पैसे ठेवायचा, निघायचा. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या चुलत्याची होडी आहे, जो स्वतः जाळं ओढतो, तो कोळी मासळी विकत घेतो? आणि एकट्या माणसाला एवढी? बाळकुमची मांजरं त्या वर्षी उंबऱ्याला पोट घासत चालायची. सगळ्यांना कळलं होतं. मंजुळेलाही कळलं होतं. ती वाट बघत होती, हा तोंड कधी उघडतो याची. मांजरं खात राहिली, हा तोंड उघडेना.

शहाऐंशी सालच्या थंडीत तिच्या भावानं, दामाजीनं, तिचं स्थळ बघितलं. शीळफाट्याचा कान्हा. घर चांगलं, स्वतःचा टेम्पो. माणसं पुढच्या रविवारी दुपारी बघायला यायची ठरली. मंजुळेनं पाटी उचलली आणि सरळ गुणाजीपुढे जाऊन आदळली.

"रविवारी शीळफाट्याची माणसं येतात," ती म्हणाली. "तुझे आईची नथ घरात हाय ना? ती आणून दे माझे हातात. मी दादाला सांगते, मना दुसरं स्थळ नको. नाय दिलीस तर मी टेम्पोत बसून जाईन. मग घाल मांजरांना."

याहून स्पष्ट बाई काय बोलणार? एखाद्यानं धावत घरी जाऊन नथ आणली असती. गुणाजी धावत घरी गेला, नथ काढली, आणि डब्यात घालून डोंगरावर लपवून आला! हातात द्यायची म्हणजे समोर उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं आणि चार शब्द बोलायचे. ते त्याच्या बापाच्यानं झालं नसतं. डोंगर चढणं सोपं.

जागा त्यानं आधीच हेरलेली होती, म्हणून खुणा डोंगराकडे जाताजाताच तिला सांगून ठेवल्या. "कोलशेतच्या कारखान्याच्या दोन चिमण्यांची एक कर. मग त्याच रेघेवर चाल. सर्कशीच्या तंबूचं टोक पाण्याच्या टाकीला चिकटलं की थांब."

त्या महिन्यात ठाण्यात मोठ्या मैदानावर सर्कस आली होती. उंच तंबू, टोकाला झेंडा, डोंगरावरून झकास दिसायचा. ज्या माणसानं आम्हाला हलणाऱ्या खुणेची ताकीद देऊन देऊन पिडलं, त्यानं आयुष्यातली सगळ्यात मोठी वस्तू ठेवताना खूण कुठली घ्यावी, तर सर्कशीचा तंबू. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. गुणाजी चांगला डोळस होता, फक्त त्याचं डोकं फिरलं होतं.

आणि डबा ठेवून आनंदानं उड्या मारत उतरताना तो ओढ्यातल्या गुळगुळीत धोंड्यावरून घसरला आणि नडगी मोडून बसला. लाकूडतोड्यांनी त्याला चादरीत घालून खाली आणलं. डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलं. हा डोळे मिटून हसतच होता.

हे सगळं मला गुरुवारी कळलं. मंजुळा पाटीशिवाय फाटकात आली, तेव्हाच मी काम टाकून बाहेर आले.

"ताई, सर्कस गेली," ती म्हणाली.

"मग? पुढच्या वर्षी येईल."

"अगं ताई, नथ!" असं म्हणून ती जी बोलत सुटली ती सगळी हकीकत सांगूनच थांबली. सकाळी तिनं मैदानावर जाऊन बघितलं होतं. तंबू नाही, झेंडा नाही. भुसा, खड्डे आणि हत्तीची लीद.

मी गुणाजीकडे गेले. "नीट सांग, कुठं ठेवलास? झाड कुठलं? दगड कसला?"

त्यानं मान खाजवली. "कारवी हाय. खडक हाय."

"डोंगरभर कारवी आणि खडकच आहेत!"

"म्हणून तर खुणा दिल्या," तो हळूच म्हणाला, आणि भिंतीकडे बघू लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आईची नथ होती ती. मग मला पुढं ओरडवेना.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि मंजुळा नि मी डोंगरावर गेलो. दोन चिमण्या एक होण्याची रेघ लगेच सापडली. पण रेघ म्हणजे काय, टिंब नव्हे. ती डोंगराच्या बुडापासून माथ्यापर्यंत कारवीतून गेलेली. दुसरी रेघ कापल्याशिवाय डबा कुठं शोधणार? आम्ही दिवसभर दगड उलटे केले. सापडला एक विंचू.

उतरताना मंजुळा मध्येच थांबली आणि म्हणाली, "तंबू गेला तर गेला. तंबूच्या जागी दुसरं उंच काय तरी उभं केलं तर?"

"उंच काय?"

"त्याच्या चुलत्याच्या होडीची डोलकाठी. वर शीड बांधायचं. लांबनं दिसंल."

मी तिथंच एका खडकावर बसले आणि हसू आवरेपर्यंत उठले नाही. खाडीतल्या होडीची डोलकाठी उपटून भर मैदानात रोवायची आणि वर शीड फडकवायचं! अशा बाईला टेम्पोवाल्याकडे जाऊ देणं हे पाप होतं.

रविवारी सकाळची मसलत अशी ठरली. मंजुळा आणि मी दुर्बीण घेऊन डोंगरावर. श्रीपादनं मैदानावर जायचं आणि बाळकुमच्या मंडळींकडून डोलकाठी उभी करून घ्यायची. तंबूचा झेंड्याचा खांब नेमका कुठं होता ते फक्त गुणाजीला माहीत, म्हणून त्याला हातगाडीवर घालून आणायचं. "त्यालाच कसं माहीत?" मी विचारलं. मंजुळा लाजली. मंजुळा! मी बघतच राहिले. "त्यालाच विचार," एवढंच ती म्हणाली.

आम्ही रेघेवर जाऊन बसलो. ऊन चढलं. खाली ठाणं पसरलेलं, पलीकडे खाडी, डावीकडे कोलशेतच्या चिमण्या, एक दुसरीच्या मागं लपलेली. दुर्बीण माझ्या डोळ्यांना आणि मंजुळा माझ्या दंडाला.

"दिसलं काय?"

"नाही."

"आता?"

"दंड सोड, मग बघते."

आणि एकदम घरांच्या छपरांवर शीड उगवलं! पांढरं, फुगलेलं, जसं काही ठाण्याच्या रस्त्यातून जहाज निघालंय. मंजुळेनं अशी किंकाळी फोडली की झाडावरची माकडं पळाली. आम्ही धावायला लागलो. तेवढ्यात शीड डावीकडे सरकलं. आम्ही थांबलो. मग ते उजवीकडे गेलं. मग टाकीच्या मागं गेलं आणि बराच वेळ दिसेना. मग बाहेर आलं, झुललं, कलंडलं आणि दिसेनासं झालं.

"बुडालं," मंजुळा म्हणाली.

"मैदानात कसं बुडेल?"

"मना काय ठाऊक! तिथं काय चाललंय?"

मलाही ठाऊक नव्हतं. सूर्य डोक्यावरून कलला. पाहुण्यांची वेळ झाली होती. मंजुळा कारवीचं एकेक पान तोडत बसली. "तो असाच," ती शेवटी म्हणाली. "सगळं खुणेनं सांगायचं. एकदा जरी तोंडानं बोलला असता ना ताई, तरी मी नथीबिगर थांबले असते." तिला रडू येतंय हे तिला आवडलं नाही, म्हणून ती माझ्यावरच खेकसली, "तू बघ दुर्बिणीतनं!"

मी बघितलं. शीड परत वर आलं होतं. या वेळी हललं नाही.

आम्ही रेघेवरून वर चढत गेलो. प्रत्येक पावलाला शीड टाकीच्या जवळ सरकत होतं. कारवी तोंडावर सपासप लागत होती, माझी चप्पल तुटली, कुणाला पर्वा! "अजून, अजून, अजून... थांब!" शीड टाकीला चिकटलं. डावीकडे चिमणी एकच. पायाखाली खडक, खडकात भेग, भेगेत तीन दगड रचलेले.

डबा होता. झाकण मेणानं बंद केलेलं. मंजुळेनं ते दातानं उघडलं. वरच सुक्या सोड्यांची पुडी. नथीबरोबर सोडे! नुसतं सोनं कसं द्यायचं, घरची मासळी पाहिजे, असा त्याचा हिशेब. मेणानं वास अडला म्हणून, नाहीतर मुंगूस नथ घालून हिंडलं असतं. सोड्यांखाली आईच्या लुगड्याची चिंधी आणि चिंधीत नथ, टपोऱ्या मोत्यांची.

मंजुळेनं ती तिथंच नाकात घातली. आरसा नव्हता, मीच तिला सांगितलं कशी दिसते ते. मग निघताना ती मागं वळली, हातातली एक हिरवी बांगडी काढून डब्यात ठेवली आणि डबा परत भेगेत सरकवला. नियम तो नियम.

मैदानावर काय झालं ते मला पुढं शंभर जणांनी शंभर तऱ्हांनी सांगितलं. त्यातलं सगळ्यांत जुळतं तेवढं सांगते.

डोलकाठी खाडीवरून आणायची कशी, म्हणून सगळे रस्त्यात उभे होते. इतक्यात एक टेम्पो आला. टेम्पोवाला हौशी गडी. "कशाला पायजे?" त्यानं विचारलं. "मैदानात उभी करायची." एवढं ऐकूनच त्याला इतकं हसू आलं की भाडं न घेता त्यानं डोलकाठी लादली. तो कान्हा. शीळफाट्याचा. मुलगी बघायला कोलशेतला लवकरच निघालेला, मागं हौद्यात त्याचे काका, मामा आणि मिठाईचा पुडा. तेही सगळे दोर धरायला उतरले.

मैदानावर खड्डेच खड्डे. कुणी म्हणे खांब इथं, कुणी म्हणे तिथं. डोलकाठी या खड्ड्यातून त्या खड्ड्यात फिरत राहिली. शिडात वारा भरला की दोर धरलेली माणसं फरपटत जायची, पोरांच्या क्रिकेटच्या मधून. एकदा तर कान्हाचे काका शिडाखाली गडप झाले ते पंचांनी बाहेर काढले. हातगाडीवर गुणाजी बोटानं खुणावत होता, पण त्या गदारोळात बोटाकडे कोण बघतो?

गर्दी बघून दामाजी आला. पाहुण्यांची वाट बघून कंटाळून त्यांना शोधायलाच निघाला होता. पाहुणे दोर धरून उभे. त्यानं श्रीपादला विचारलं, श्रीपादला खोटं बोलता येत नाही. दामाजी गाडीपुढे येऊन उभा राहिला.

"तंबूचा खांब कुठं होता ते तुलाच ठाऊक, असं हा म्हणतो. तुला कसं ठाऊक?"

सगळ्यांनी दोर ओढणं थांबवलं. शीड तेवढं फडफडत होतं. गुणाजीनं मान खाजवली. बाहेर बघायला खिडकी नव्हती. त्यानं एकदा डोंगराकडे बघितलं. मग प्लॅस्टरचा पाय धरून गाडीवर उठून बसला, आणि बाळकुमनं, कोलशेतनं, शीळफाट्यानं त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"आम्ही सर्कशीला आलेलो," तो म्हणाला. "मी नि मंजुळा. ती लीद हाय ना, तिथनं हत्ती आलेला. मंजुळा इथं बसलेली, माझे शेजारी. विदूषक पडला, ती हसली, मागं रेलली, नि तिची वेणी खांबाच्या दोरात अडकली. मीच सोडवली. म्हणून सांगतो, खांब तिच्या मागं, त्या चुन्याच्या रेघेजवळच्या खड्ड्यात." मग, कुणी विचारलं नसताना, तो म्हणाला, "सर्कस मी बघितली नाय. एक खेळ बघितला नाय. मी तिलाच बघत होतो."

म्हाताऱ्या कोळणींनी पदर डोळ्यांना लावले. दामाजी गाडीपुढून बाजूला झाला. दोराच्या टोकाला कान्हा उभा होता.

"म्हणजे मी एवढा वेळ कुणाची काठी उचलतोय?" त्यानं विचारलं. श्रीपादनं सांगितलं. कान्हानं टोपी काढून घाम पुसला. त्याचं तोंड क्षणभर उतरलं, असं श्रीपाद म्हणतो. मग तो ओरडला, "आता उचललीच हाय तर उभी करूनच जाऊ! ओढा रे!"

आम्ही रिक्षातून मैदानावर उतरलो तेव्हा शिडाखाली मिठाईचा पुडा फुटला होता. मंजुळा गर्दीतून सरळ हातगाडीकडे गेली. नाकात नथ, केसांत कारवी, तोंडावर ओरखडे. बायका चारी बाजूंनी तिला सांगायला लागल्या, गुणाजी असं बोलला, गुणाजी तसं बोलला. तिनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"काय बोललास तू?"

गुणाजीनं मान खाजवली. डोंगराकडे बघितलं. "वारा पडला आता," तो म्हणाला. अख्खं मैदान हसून हसून लोळलं. मंजुळाही हसली. पण माझ्याकडे वळून जे म्हणाली ते हसणं नव्हतं. "सगळ्यांनी ऐकलं ताई. एक मीच राहिले."

लग्न झालं. पुढच्या महिन्यात, वाजतगाजत, हळदीला सगळं बाळकुम नाचलं. वरातीला टेम्पो कान्हाचाच होता. संसार छान झाला. मुली दोन, दोघी आईच्या आवाजाच्या. गुणाजी घरी फार बोलायचा नाही, आणि त्या तिघींत बोलायला जागाही नव्हती. पण कधी भांडण झालं की मंजुळा हमखास म्हणायची, "गावाला सांगितलंस, मना नाय सांगितलंस." आणि गुणाजी म्हणायचा, "तू डोंगरावर होतीस, त्याला मी काय करू?" हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला की माझाही पाठ झाला. त्याच्या मागं एक खरी खुपणारी जागा आहे हे मला मात्र माहीत होतं.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात मंजुळेच्या मनात आलं, तो डबा बघून येऊ. बांगडी असेल का? आम्ही तिघं निघालो. गुणाजीचा पाय थंडीत दुखायचा, तो काठी घेऊन पुढं, गप्प. ओढ्याची वाट तीच, धोंडे तेच. त्याला पाडणाऱ्या धोंड्याला मंजुळेनं जाताजाता एक लाथ घातली.

वर जाऊन वळून बघितलं आणि आम्ही उभेच राहिलो. चिमणी एकच होती, दुसरी पाडलेली. बाळकुमच्या शेतांवर बिल्डिंगा, मैदानाच्या बाजूला बिल्डिंगा, पाण्याची टाकी कुठं गडप झाली पत्ता नाही. गुणाजीनं डोळ्यांवर हात धरून इकडं बघितलं, तिकडं बघितलं. चार पावलं वर गेला, चार खाली आला. एकही रेघ बसेना. मग तो एका खडकावर बसला, कसानुसा हसत.

"हरवला ना?" मंजुळा म्हणाली. "एक सुद्धा खूण राहिली नाय."

"नाय राहिली," तो म्हणाला. त्यानं मान खाजवायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला. तिच्याकडे बघितलं, सरळ, डोळे न मिटता. "मंजुळा, सर्कस मी बघितली नव्हती. एक खेळ नाय बघितला. मी तुलाच बघत होतो."

मंजुळेला काही बोलता येईना. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. तिनं पदरानं नाक पुसलं, नथ सारखी केली.

"परत बोल," ती म्हणाली.

तो परत बोलला.

"मोठ्यानं बोल. तेव्हा मोठ्यानं बोललेलास."

मग तो काठी टेकून खडकावर उभा राहिला आणि सगळ्या बिल्डिंगांकडे तोंड करून इतक्या जोरात ओरडला की रान हललं, माकडं पळाली, आणि वाटेनं चढणारी कॉलेजची पोरं कुणी पडलं की काय म्हणून धावत वर आली. मंजुळा त्यांना म्हणाली, "काय नाय रे पोरांनो, जावा. माझे नवऱ्याला एक गोष्ट सांगायची राहिलेली." मग तिनं सोड्यांची भाजी आणि भाकरी सोडली आणि त्या पोरांनाही बसवून वाढली.